बेबीबाईनं निवडलेली मोठी पाटी

सानगडीच्या बसथांब्यावर उतरून ‘बेबीबाईचं घर कुठं’ म्हणून विचारा. समोरचा आधी तुम्हालाच विचारेल, “कोणती बेबीबाई जी? पडदेवाली?” गावात बेबीबाया खंडीभर असतील, पण पडदेवाली एकच. आमच्या भंडारा जिल्ह्यात भाऊबीज उरकली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, दंडारीचे नाच, शिंगाडे, जिलेबी, अन् रात्री नाटक. मंडई आहे अन् नाटक नाही, असं कुठं झालं तर पाहुणे पुढच्या वर्षी त्या गावाकडं फिरकायचे नाहीत. आता नाटक म्हटलं की मागं पडदा आला. महालाचा, रस्त्याचा, जंगलाचा, गरिबाच्या झोपडीचा. सानगडीच्या नाटकाचे हे सगळे पडदे वर्षानुवर्षं बेबीबाईनं रंगवले.

हे काम तिच्या बापाचं. तो पवनीकडचा, गावोगाव हिंडून पडदे रंगवायचा अन् ही पोरगी त्याच्या मागं मागं. त्याची रीत अशी की मोठ्ठं कापड शाळेच्या पटांगणात जमिनीवर पसरायचं, वाऱ्यानं हलू नये म्हणून कोपऱ्यावर पाय द्यायचा, अन् बांबूच्या लांब कामटीच्या टोकाला कोळसा बांधून उभ्यानं रेघा ओढायच्या. वाकायचं नाही, बसायचं नाही. बेबी कधी गुडघ्यावर बसून काढायला लागली की बाप हटकायचा, “पाह्यनारा दूर बसते, तं तू काहून जवळ जाऊन राहिली?” रंगही तसाच, कुंचला काठीला बांधून. जवळून पाहिलं तर नुसते फराटे. दूर जाऊन पाहिलं की खिडकीत दिवा लागलेला दिसायचा.

लग्न होऊन ती सानगडीला आली. नवरा सेवकराम धानाचा शेतकरी, बोलायला कमी पण बोलला की चिमटा काढणारा. गावातला पेंटर आजारी पडला त्या वर्षी बेबीबाईनं पदर खोचला अन् पटांगणात कापड अंथरलं. सूनबाई पडद्यावर पाय देऊन उभी राहते म्हणून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. सेवकराम खाली बसून गुपचूप रंग घोटू लागला. मंडईच्या रात्री पडदा उघडला अन् त्याच म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. तेव्हापासून रंग घोटणं हे सेवकरामचं काम होऊन बसलं. तो म्हणायचा, “घरात पेंटर हाय, मी हेल्पर हाओ.”

मग दिवस बदलले. नाटकाच्या कंपन्या ट्रकमधून आपलं सगळं सामान घेऊन येऊ लागल्या. मंडपाच्या लाकडी बल्ल्या गेल्या, हलके पाईप आले. अन् बेबीबाईचा पडदा म्हणजे जाड मांजरपाट, त्यावर रंगाचे थर. दोन वर्षांमागं राजा सिंहासनावर बसून न्याय देत होता अन् मागं पाईप वाकला. सगळा महाल हळूहळू खाली आला अन् राजाच्या डोक्यावर बसला. राजा आतूनच ओरडला, “प्रधानजी, मले बाहेर काढा.” लोक हसून हसून लोळले. बेबीबाई मात्र घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजली.

मंडळाचा अध्यक्ष केवळराम दुसऱ्या दिवशी आला. माणूस वाईट नाही, पण घाबरट. “वैनी, राग नोका मानू. आता पडदा कंपनीचाच लावू. कोनाले लागलं-बिगलं तं मंडळावर येते.”

गेल्या वर्षी कंपनीचा छापील पडदा लागला. हलका, गुळगुळीत, रंग कसे लखलखीत. कुठल्या विलायतेतलं चित्र उचललं होतं देव जाणे, गरिबाच्या झोपडीमागं बर्फाचे डोंगर अन् छपरावर धुराडं. नायकाची आई ओसरीत बसून पोरासाठी रडायला लागली तर मागून कुणीतरी म्हणालं, “बुडी थंडीनं रडून राहिली का बे?” झालं. सगळा करुण सीन पाण्यात. लोक हसले, पण बेबीबाईला हसू आलं नाही. तिच्या जागी बर्फ लागला होता, अन् तो कायमचा लागणार असं तिला दिसत होतं.

यंदा पोळा झाल्याबरोबर ती केवळरामच्या दारात उभी राहिली. “मी छापील पडदा देतो. कंपनीच्या पडद्याएवढाच हलका. झोपडीचा.”

केवळरामनं डोकं खाजवलं. “छापील असन तं पाहू. पण कंपनीच्या मॅनेजरले पसंत पडला पायजे, वैनी. भैय्याजी नाही म्हणाला तं मी काही बोलू शकत नाही. मंग पुढल्या साली इचारूही नोका.”

म्हणजे एकच पडदा, अन् तो नापास झाला तर बापापासून चालत आलेलं काम संपलं. हे दोघांनाही कळलं.

छापायचा म्हणजे चित्र कॉम्प्युटरात पाहिजे. बेबीबाईची पोरगी गुड्डी साकोलीला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला, रोज बसनं जाते-येते. तिनं आधी आईच्या एका जुन्या पडद्याचा मोबाईलनं फोटो काढला अन् मोठा करून पाहिला, तर फोटो पार फाटला. मग माऊसनं रेघ ओढायला लावली. बेबीबाईच्या हातानं आयुष्यात एवढी भिकार रेघ कधी निघाली नव्हती. ती माऊस बाजूला सारून म्हणाली, “हे उंदराचं काम हाय, माणसाचं नाही.” तेव्हा गुड्डी म्हणाली, “आई, चित्र काढायच्या पाट्या भेटतात. पेनानं काढायचं, अन् कॉम्प्युटरात उतरते. वीरेंद्रदादाकडं हायेत.”

वीरेंद्रचं दुकान साकोलीत हायवेला लागून. लग्नाचे अल्बम बनवतो, कॉम्प्युटरचं सामान विकतो, नवरीचा रंग उजळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्या दिवशी दुकानात एका नवरदेवाचा बाप अल्बमसाठी तळ ठोकून बसला होता. मायलेकी गेल्या तशी वीरेंद्रनं खुर्च्या पुसून दिल्या, चहा सांगितला अन् पहिली पाटी काढली. काळी, लहानशी, वहीच्या पानाएवढी.

“काकू, सगळे हेच नेतात. इथं काढा, तिकडं स्क्रीनवर पाहा.”

बेबीबाईनं पेन धरला अन् सवयीप्रमाणं खांद्यापासून हात फिरवला. रेघ पाटीवर जेमतेम सुरू झाली असेल, पेन पाटी सोडून टेबलावर गेला, टेबलावरून चहाच्या कपावर. कप वीरेंद्रनं झेलला. “मनगटानं काढा काकू, मनगटानं,” तो म्हणाला. तिनं मनगटानं काढून पाहिलं. झाड निघालं, पण कोथिंबिरीच्या काडीएवढं अन् तसंच लुळं. तिनं पेन खाली ठेवला.

मग वीरेंद्रनं फडक्यात गुंडाळलेली दुसरी पाटी आणली. मोठी, टीव्हीसारखी उजळलेली. पाटीतच चित्र दिसतं अन् चित्रावरच पेन चालतो. गुड्डीचा जीव तिच्यावर आधीपासून जडलेला. तिनं किती व्हिडिओ पाहिले होते त्याला गणती नाही. “आई, हेच घे. हातही इथं, नजरही इथं.”

बेबीबाई पाटीवर वाकली. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. जवळचं सगळं अंधुक, त्यात तो उजेड थेट डोळ्यांत. थोड्या वेळात मान भरून आली. ती सरळ झाली अन् म्हणाली, “वीरेंद्रा, खाली ठेव थे.”

“खाली म्हणजे?”

“भुईवर. उभ्यानं काढतो.”

वीरेंद्रचं तोंड पडलं, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं पुठ्ठा अंथरला अन् त्यावर ती महागडी पाटी जपून ठेवली. बेबीबाईनं चपला दारात काढल्या, पदर खोचला, पुढं आली, अन् पडदा हलू नये म्हणून जे जन्मभर केलं तेच केलं. डाव्या पायाचा अंगठा पाटीच्या कोपऱ्यावर दिला.

“काकू, पाय, पाय,” वीरेंद्र कळवळला. पण पाटीनं त्याच्या आधीच दखल घेतली होती. अंगठ्याखालून एक जाड निळा पट्टा निघाला अन् पाय सरकला तसा चित्राच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. नवरदेवाचा बाप म्हणाला, “वा, नदी काढली.” बेबीबाई ओशाळली. खाली वाकून पाटीला हात लावला, तो कपाळाला लावला अन् पदरानंच काच पुसली. “चुकलं रे बाबू. अंगवळणी पडलं हाय.” गुड्डी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

वीरेंद्रही हसला. पण काकूचा चेहरा उतरलेला पाहून त्याला राहवेना. “अजून एक हाय,” तो म्हणाला, “पण थे कोनी घेत नाही.” कपाटाच्या वरून त्यानं एक रुंद खोका उतरवला. आत साधी काळी पाटी, उलगडलेल्या वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढी. ना उजेड, ना चित्र. टेबलावर ठेवली की कीबोर्डलाही जागा उरत नाही, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडून परत करतं.

गुड्डीनं तर ऐकूनही घेतलं नाही. “आई, हे नोको. हात खाली अन् नजर वर स्क्रीनवर. लवकर जमत नाही म्हणतात. सगळे हेच सांगतात.”

“हात इथं अन् नजर दूर,” बेबीबाई म्हणाली, “मंग एवढे साल मी काय करून राहिली होती?” अन् तिनं इकडंतिकडं पाहिलं. “वीरेंद्रा, काठी हाय का तुह्याकडं?”

काठी होती, कोळ्याची जाळी काढायची. बेबीबाईनं तिचा झाडू काढून टाकला, टोकाला पेन धरला अन् गुड्डीच्या वेणीचं रबर काढून करकचून बांधला. मोठी पाटी पुठ्ठ्यावर ठेवली. कोपऱ्यावर अंगठा दिला. सगळे वाकून पाहू लागले, पण पाटी काही बोलली नाही. तिला फक्त पेन ओळखू येत होता, पायाशी तिचं काही घेणंदेणं नव्हतं.

मग बेबीबाईनं समोर टेबलावरच्या स्क्रीनकडं पाहिलं अन् हात फिरवला. खांद्यापासून, खालून वर, एका दमात. स्क्रीनवर मोहाचा बुंधा उभा राहिला. दाबलं तिथं जाड, सोडलं तिथं बारीक, कोळशाची रेघ जशी येते तशी. पेन पाटीच्या बाहेर गेला नाही. दुसऱ्या झटक्यात फांदी, तिसऱ्यात तिच्या खालची सावली. ती खाली पाहतच नव्हती. काठी चालत होती अन् नजर समोर. नवरदेवाचा बाप उठून मागं जाऊन उभा राहिला, कारण झाड दुरून जास्त चांगलं दिसत होतं, अन् हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“काकू,” वीरेंद्र म्हणाला, “असं वर पाहून खाली काढाले मले कितीक दिवस लागले. तुमी आल्या अन् लागल्या.” तो मनापासून खूश झाला होता. वर त्यानं जाळ्यांची काठीही बांधून दिली.

“पक्कं न आई?” गुड्डीनं शेवटचं विचारलं. तिचा डोळा अजून त्या उजळलेल्या पाटीवर होता.

“पक्कं. थे पाटी गोजिरी हाय, पण थे मले आपल्याजवळ ओढते. मले दूर राहू देईन अशी पायजे.”

झालं. घरी ओसरीत पाट टाकला, पाटावर पाटी. समोर धान्याच्या कोठीवर गुड्डीचा जुना कॉम्प्युटर. धान पोटरीला आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा काम सुरू झालं. सेवकराम पहिले दोन दिवस रुसून होता. रंग घोटायचा नाही, डबे धुवायचे नाहीत, घरात पेंटर आहे पण हेल्परला कामच नाही. तो खाटेवर बसून टोमणे मारायचा, “आता काय बाबा, मालकीण बटनावर रंग काढते.” मग बेबीबाईनंच त्याला अंगणाच्या पार टोकाला, धानाच्या तणसीच्या ढिगाजवळ बसवलं अन् सांगितलं, “तुमी पब्लिक. तेथून पाहा अन् सांगा.” हे काम त्याला फारच मानवलं. तिथून तो आरामात ओरडायचा, “डाव्या अंगाले रिकामं रिकामं वाटून राहिलं वो,” अन् “बोडीचं पानी लय निळं झालं, एवढं निळं पानी आपल्या गावात कोनी पाह्यलं?” निम्म्या वेळा तो बरोबर असायचा. उरलेल्या वेळा बेबीबाई ऐकूनच घ्यायची नाही.

गुड्डीनं तिला शिकवलं की चुकलेली रेघ बटन दाबून मागं नेता येते. बेबीबाईनं एकदा दाबलं, रेघ नाहीशी झाली, अन् तिला ते मुळीच आवडलं नाही. “चुकली तं चुकली. तिच्यावर झुडूप काढतो,” म्हणाली. त्या पडद्यात झुडपं जरा जास्तच झाली ती त्यामुळं. पण मातीची भिंत, शेणानं सारवलेली ओसरी, छपराच्या कवेलूवर वाळत घातलेल्या मिरच्या, मागं बोडी म्हणजे गावचं लहानसं तळं अन् तिच्या पाळीवर मोहाचं झाड, हे सगळं असं उतरलं की सेवकराम एका संध्याकाळी काहीच ओरडला नाही. बेबीबाईनं वळून विचारलं तर म्हणाला, “काही नाही. जेवाले वाढ म्हणतो.” तिला काय कळायचं ते कळलं.

वीरेंद्रनं ओळखीच्या छापखान्यातून पडदा पातळ कापडावर छापून आणला. नेमका मंडईच्या दिवशी सकाळी पोचला. समाजमंदिराच्या फरशीवर उलगडला अन् केवळराम दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यावर वाकला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. जवळून पाहिलं तर काय, सगळे फराटेच फराटे. तांबडं ढेकूळ, पिवळं ढेकूळ, मधेच निळा ओघळ. मिरच्या कुठं, बोडी कुठं, काही म्हणता काही ओळखू येईना.

“वैनी, हे काय जी? हे तं डाग पडले,” केवळराम म्हणाला. “छापताना काही बिघडलं वाटते.”

गुड्डीही वाकून पाहू लागली. तिनं घरी लहान स्क्रीनवर पाहिलं होतं तेव्हा चित्र कसं देखणं होतं, अन् आता हे. तिनं आईचा हात धरला. बेबीबाईनं पडदा गुंडाळला अन् खांद्यावर टाकून मंडईकडं निघाली.

बाजारचौकात मंडई भरात होती. दंडारीवाले येऊन ठेपले होते, शिंगाड्यांचे ढीग लागले होते, पोरं पिपाण्या वाजवून जीव खात होती. मैदानाच्या टोकाला नाटकाचा मंडप. कंपनीचा ट्रक आला होता अन् मॅनेजर भैय्याजी, गळ्यात रुमाल, तोंडात पान, पाईप उभे करून घेत होता. केवळराम धावत पुढं गेला अन् त्याच्या कानाला लागला. भैय्याजीनं मान हलवली अन् पोरांना म्हणाला, “आपलाच काढा रे. डोंगरवाला.”

“थांबा जी,” बेबीबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूचे वळून पाहू लागले. “आधी माझा चढवा. नाही आवडला तं मीच उतरवतो. तुमच्या पोरायले हात लावाची गरज नाही.”

भैय्याजीनं तिला न्याहाळलं. “बाई, मी केवळरामजीचं आयकलं. डाग हायेत म्हणतात.”

“थे भुईवर पाहून म्हणतात. तुमचं नाटक लोक भुईवर वाकून पाह्यतात का?”

भैय्याजीनं पान दुसऱ्या गालात सारलं. मग हातानं खूण केली. पडदा पाईपला अडकवला. दोर ओढायला पोरगा पुढं झाला, तर बेबीबाईनं दोर त्याच्या हातून घेतला अन् दुसरं टोक सेवकरामच्या हाती दिलं. दोघांनी मिळून ओढलं. पाईप तसूभरही वाकला नाही. पडदा वर गेला, थोडा हलला, अन् स्थिर झाला.

भैय्याजी मागं मागं सरकत गेला. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपाशी थांबला, मग आणखी मागं, मधल्या बासापर्यंत, म्हणजे मंडपाच्या मधल्या खांबापर्यंत. तिथं त्यानं तोंडातलं पान थुंकून टाकलं. शिंगाडेवाली तराजू धरून उभी राहिली. मंडपाच्या तोंडाशी लोक जमू लागले. गुड्डी धावत मागं गेली अन् वळली, तर समोर घर. कुणाचंही असावं असं, सानगडीचं, उन्हं कलताना दिसतं तसं. ओसरीवरचं सारवण अजून ओलं वाटत होतं.

नाटकात आईचं काम करणारी दामिनीबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन ट्रकमधून उतरली होती. ती मंचावर चढली, पडद्यापाशी गेली, अन् चित्रातल्या ओसरीच्या पायरीशी खाली टेकली, गाठोडं मांडीवर घेऊन. एवढंच केलं. दुरून पाहणाऱ्याला वाटलं, कामावरून थकून आलेली बाई आपल्या दारात बसली आहे. मागं कुणीतरी म्हातारी म्हणाली, “माय वो, इले पानी तं द्या कोनी.”

दामिनीबाईनं मान वर करून भैय्याजीला सांगितलं, “रडाचा सीन मी इथंच करतो. तुमच्या त्या बर्फात आता मी बसत नाही.”

भैय्याजी मंडपाच्या मध्यावरून ओरडला, “पोरंहो, डोंगरवाला ट्रकमंधी टाका.” मग बेबीबाईकडं आला. दोन्ही हात जोडले. “बाई, माझी कंपनी होळीपर्यंत गावोगाव खेळते. महाल पायजे, रस्ता पायजे, जंगल पायजे. आपल्याकडचं जंगल, सागाचं. कराल का?”

केवळराम मधेच म्हणाला, “करतीन न, काहून नाही करत? मी तं आधीपासूनच म्हणत होतो.” सेवकरामनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो जिलेबी घ्यायला निघून गेला.

अन् मग टाळ्या सुरू झाल्या. कोणी सुरू केल्या सांगता येत नाही, पण दंडारीवाले आले, पिपाण्या वाजवणारी पोरं आली, शिंगाडेवालीनं तराजू खाली ठेवला. नाटकाला अजून कितीतरी वेळ होता, मंचावर एक गाठोडं घेऊन बसलेली बाई सोडून कुणी नट नव्हता, अन् सानगडीची मंडई एका पडद्यासाठी टाळ्या वाजवत होती.

बेबीबाई मंचाखाली दोराजवळ उभी होती. तिथून तिला नुसते फराटेच दिसत होते. ती गर्दीतून वाट काढत मागं गेली, खुर्च्या ओलांडल्या, मधला बास ओलांडला, पार शेवटच्या रांगेच्या मागं जाऊन उभी राहिली अन् वळून पाहिलं. हा पडदा तिनं असा, लटकलेला, पूर्ण, पहिल्यांदाच पाहिला. तिनं पदर तोंडाला लावला. मग पदर सोडला अन् तीही टाळ्या वाजवू लागली, अन् बाकीचे थांबले तरी ती थांबली नाही.